इंजिनाच्या तेलाला मुंग्या

सासरे जहाज बघायला येत नाही म्हणाले, तेव्हा संशय यायला हवा होता तो मला. आला सासूबाईंना. ही गोष्ट मला अजून सलते, कारण संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. गोदामात शिरलेलं पाणी फुटलेल्या नळाचं की मालकाच्या बादलीचं, हे मी भिंतीवरची ओल बघून सांगतो. एका गृहस्थांनी आगीत जळालेला म्हणून दाखवलेला पियानो म्हणजे मुळात चपलांचं कपाट होतं, हे मी राखेवरून ओळखलं होतं. ऑफिसात मला ‘नाक’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण म्हणतात.

आणि याच नाकासमोर सतरा वर्षं एक माणूस बसून चहा पीत होता.

आमच्या इमारतीत सासऱ्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, सासू-सासरे पहिल्यावर. कॅप्टन ते कधीच नव्हते. तरुणपणी नऊ वर्षं ते एका विमानवाहू जहाजावर इंजिन विभागात होते. इंजिन रूममधला उकाडा, वादळात तीन दिवस न झोपता चालू ठेवलेले बॉयलर, हे सगळं इमारतीतल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. घरात मात्र हा शूर माणूस पाण्याचा ग्लासही स्वतः उचलून घेत नसे. "मला स्वैपाकघरातलं काही कळत नाही बुवा," असं म्हणून ते टेबलाशी बसत आणि चहाच्या कपाला पाय फुटायची वाट बघत. कळायचं एवढंच की दुकानातून आणलेला पाव दोन बोटांनी दाबून बघायचे आणि दहापैकी सहा वेळा परत पाठवायचे. आम्ही म्हणायचो, नौदलाची शिस्त!

तर ते जहाज निवृत्त होऊन कित्येक वर्षं एका धक्क्याला गंजत पडलं होतं. त्याला रंग देऊन, आत दिवे लावून, बाणांच्या खुणा करून त्याचं संग्रहालय केलं. आमच्या गावाहून बसने दोन तास. दोन महिन्यांत निम्मी इमारत बघून आली. राहिले फक्त कॅप्टन. कधी गुडघा, कधी पित्त. शेवटी एकदा छातीवर हात ठेवून म्हणाले, "बंद पडलेलं जहाज बघवायचं नाही मला." माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, हे मी इथे कबूल करतो.

सासूबाईंच्या नाही आलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला पटलं हे?"

समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर तेव्हा पेपर परत करायला आले होते. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही, तो आपसूक वाटला जातो. ते म्हणाले, "उघड आहे. तिथे जुने फोटो लावलेत भिंतीभर. कुणाचा तरी फोटो असणार, जो वहिनींनी बघू नये असं कॅप्टनना वाटतं." एवढं बोलून ते शांतपणे घरी जेवायला गेले. आमच्याकडे जेवणं झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एक पत्र्याचा डबा घेऊन वर आल्या. त्यात लग्नानंतरची, जहाजावरून आलेली पत्रं होती. प्रत्येकावर तेलकट बोटांचे डाग. "हे इंजिनाचं तेल, असं त्यांनीच सांगितलं होतं. मी ते डाग किती वेळा कुरवाळलेत, तुम्हाला सांगायला लाज वाटते. पण एक गोष्ट मला चव्वेचाळीस वर्षं कळली नाही. डबा कुठेही ठेवा, या पत्रांना मुंग्या लागतात. इंजिनाच्या तेलाला मुंग्या लागतात का हो?"

मी, विमा कंपनीतलं नाक, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आई, जुन्या कागदाला काहीही लागतं."

माझ्या नोकरीतला कोणी शिकाऊ असं बोलला असता तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

संग्रहालयाचा नियम असा की साध्या तिकिटावर फक्त वरचा डेक आणि विमानांची वखार बघायला मिळते. जिथे माणसं राहायची, राबायची ते खालचे मजले बघायचे तर जुन्या नौसैनिकांच्या कुटुंबांना वेगळा पास आहे. तो काढायचं काम माझ्याकडे आलं. पत्रांच्या पाठीवर सासऱ्यांचा नौदलातला क्रमांक होताच. मी एक रजा टाकून संग्रहालयाच्या कचेरीत गेलो. तिथे तीन खिडक्या होत्या. पहिलीत सांगितलं दुसरीत जा, दुसरीत सांगितलं तिसरीत जा, आणि तिसरीत पहिल्याच खिडकीतला माणूस येऊन बसला.

"विभाग कोणता?" त्याने विचारलं.

"इंजिन."

त्याने एका जाडजूड वहीत बोट फिरवलं, थांबवलं, माझ्याकडे बघितलं. "हा क्रमांक इंजिनात नाही."

"मग कशात आहे?"

"ते सांगता येणार नाही. गोपनीय आहे."

"अहो, जहाज निवृत्त झालं!"

"जहाज झालं. वही नाही झाली." त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. "विभागाचा रकाना मोकळा सोडा. पण मोकळा रकाना असलेला अर्ज आम्ही घेत नाही, तेव्हा तिथे एक रेघ मारा. आणि पुढच्या वेळी त्यांच्या पत्नीला घेऊन या, लग्नाच्या पुराव्यासकट."

पुरावा म्हणून सासूबाईंनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो फ्रेमसकट काढून आणला. तो बसमध्ये मांडीवर धरून मी दोन तास बसलो होतो आणि शेजारचा माणूस सारखा माझ्याकडे आणि फोटोकडे बघून हळहळत होता. खिडकीतल्या माणसाने फोटोतली नवरी आणि समोरच्या सासूबाई ताडून पाहिल्या. "बदल बराच झालाय," असा शेरा मारून त्याने शिक्का उठवला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या जहाजाला नवा रंग देतात, आम्हाला कोण देतंय?"

इंजिनात नाही, हे कळल्यावर घरात तर्कांना ऊत आला. माझं मत, सासरे हेरखात्यात होते. त्याशिवाय वही गोपनीय कशी? बायको म्हणाली, "बाबांनी काहीतरी मोठं केलं असणार आणि शपथ घेतली असणार." पोस्टमास्तरांनी जिन्यात मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की नौदलात कैदखानाही असतो. मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण त्यांनी सल्ला चांगला दिला होता. म्हणजे तेव्हा मला तो चांगला वाटला. "खालच्या मजल्यांवर दिशा कळत नाही," ते म्हणाले होते. "खडू न्या. वळणावळणावर फुली मारत जा, म्हणजे परत येता येईल."

सासूबाई या तर्कांत पडल्याच नाहीत. भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "बाई निघाली तर निघू दे. तिचेही आता गुडघे दुखत असतील. मला एवढंच बघायचंय, की मी इतकी वर्षं संसार नेमका कुणाशी केला."

दावेदार इतकं सरळ बोलत नाहीत.

पास टपालाने आला आणि नेमका सासऱ्यांच्या हातात पडला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग इतके दिवस दुखणारा गुडघा एकदम बरा झाला. "मीही येतो," ते म्हणाले. "माझ्याशिवाय तुम्ही खाली हरवाल." त्यांच्या आवाजात काही संशयास्पद होतं का? होतं. मी ते टिपलं का? टिपलं. हेरांना जुना अड्डा बघायची ओढ लागते, असा निष्कर्षही काढला.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं धक्क्यावर उभे होतो. जहाज एवढं मोठं, की ते जहाज आहे यावरच माझा विश्वास बसेना. आमची इमारत आडवी टाकली असती तरी वर सहा-सात इमारतींना जागा उरली असती. आत शिरल्यावर पहिल्याच वळणावर गणवेशातला एक माणूस ताठ उभा होता. मी त्याला खाली जायची वाट विचारली. उत्तर येईना म्हणून जरा आवाज चढवला. बायको म्हणाली, "अहो, पुतळा आहे तो." जागोजाग असे पुतळे ठेवलेत, हे मला काय माहीत! पुढच्या वळणावर तसाच दुसरा उभा होता. आता फसणार नाही म्हणून मी त्याच्या छातीवरचं बटण ओढून बघितलं. तो सुरक्षारक्षक निघाला.

त्या प्रसंगाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

खालच्या मजल्यांचे दरवाजे लोखंडी, आणि त्यांचे उंबरठे माझ्या नडगीपर्यंत येणारे. प्रत्येक दाराशी मी एकदा विव्हळत होतो. सासरे मात्र बोलता बोलता, खाली न बघता, पाय उचलून अलगद पलीकडे जात होते. म्हणजे माणूस या जहाजावर वावरलेला होता, यात शंका नव्हती. शंका सुरू झाली ती इंजिन रूममध्ये. सासऱ्यांनी एका अगडबंब पिंपावर हात ठेवला आणि घसा खाकरला. "हा मुख्य बॉयलर. तीन दिवस, तीन रात्री मी याच्यापाशी..." मी पिंपामागची पाटी वाचली. ‘पिण्याच्या पाण्याची टाकी.’ मग त्यांनी एका चाकाकडे बोट दाखवलं, की हे फिरवलं की जहाज वेग घेतं. त्या चाकाखालच्या पाटीवर होतं, ‘आग विझवण्याची झडप.’ सासूबाई पाट्या वाचत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बघून झालं," सासरे घाईने म्हणाले. "आता वर जाऊ. वर मोकळी हवा आहे."

"त्या बाजूला काय आहे?" सासूबाईंनी विचारलं. डावीकडे एक लांब बोळ जात होता.

"तिकडे काही नाही. सामान ठेवायचे तिथे. अंधार असतो."

बोळात लख्ख दिवे होते. पण सासरे तोवर जिन्याच्या तीन पायऱ्या चढून गेले होते, आणि आम्हीही नाइलाजाने निघालोच होतो, इतक्यात मागून आवाज आला. "थांबा! खडूवाले कोण?"

एक सफाईवाल्या बाई ओलं फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. माझ्या एकूण एक फुल्या पुसत त्या आमच्या मागोमाग आल्या होत्या. खडू अजून माझ्या बोटांत होता. गुन्ह्याचं हत्यार हातात असलेला माणूस माझ्यासमोर अनेकदा उभा राहिलाय, पण तो ते घाईघाईने खिशात का कोंबतो ते मला त्या दिवशी कळलं.

"एकवीस फुल्या," बाई म्हणाल्या. "युद्धनौकेवर! चला साहेबांकडे. सगळेजण चला." आणि त्या डावीकडच्या बोळात वळल्या.

"त्यांचं त्यांना जाऊ दे, आपण वर थांबू," सासरे जिन्यावरून म्हणाले. जावयाला बळी द्यायची त्यांची तयारी होती.

"सगळेजण," बाई म्हणाल्या.

बोळाच्या टोकाला साहेबांची खोली होती, पण तिथे जायची वाट एका मोठ्या दालनातून होती. तिथे माणूस आत बसेल एवढाली पातेली होती, भिंतभर भट्ट्या होत्या, पीठ मळायचं एक भलंमोठं यंत्र होतं आणि पांढरा ॲप्रन घातलेला एक पुतळा होता. भट्टीशेजारच्या भिंतीवर एका तरुणाचा फोटो लावलेला होता, दारभर उंचीचा. कोपरापर्यंत पिठाने माखलेला, डोक्यावर पांढरी उंच टोपी, हातात ताज्या पावांचा ट्रे आणि ओठांवर कोवळी मिशी. तो इतका मनापासून हसत होता की मला आधी ओळखूच येईना. आमच्या घरी सासऱ्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला आणि खालची पाटी मोठ्याने वाचली. "‘जहाजाचे मुख्य बेकर. यांच्या हातचा पाव बाराशे माणसं रोज सकाळी खात. खवळलेल्या समुद्रातही यांच्या हातून कधी भट्टी चुकली नाही.’"

सफाईवाल्या बाईंनी फोटोकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं, आणि फडकं खाली केलं. "तुम्हीच का हो ते?"

सासरे पुतळ्याचा ॲप्रन नीट करायला लागले. फोटोवरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या, "म्हणून मुंग्या लागायच्या. लोणी होतं ते."

"अगं, ऐक जरा..."

"आणि साखर."

"तुझ्या मोठ्या भावाने विचारलं होतं," सासरे चाचरत म्हणाले. "जहाजावर काय करता? माझ्या आधीचं एक स्थळ त्याने परत पाठवलं होतं, मुलगा खानावळीत आचारी म्हणून. मला तू पसंत पडली होतीस. तोंडातून इंजिन निघून गेलं. आणि एकदा इंजिन म्हटल्यावर मग..."

"भाऊ जाऊन वीस वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या. "मला तापाने पंधरा दिवस अंथरूण सोडवत नव्हतं, तेव्हा ही दहा वर्षांची होती. स्टुलावर उभी राहून भात करायला गेली आणि हात भाजून घेतला हिने. तुम्ही दारात उभे होतात. काय म्हणाला होतात?"

माझी बायको आपल्या डाव्या मनगटाकडे बघायला लागली. तिथे एक जुना डाग आहे. मला तो लग्नापासून माहीत आहे आणि मी कधीच विचारलं नव्हतं की कशाचा.

"मला स्वैपाकघरातलं काही कळत नाही, असं म्हणालो होतो," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. "तेव्हा सांगायला हवं होतं. फार वाटलं होतं सांगावंसं. पण नऊ वर्षं पीठ मळून मळून जीव विटला होता. जहाजावरून उतरलो तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा पिठाला हात लावायचा नाही."

सासूबाईंनी चष्मा काढून मिटला. "ठरवलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मळलं मी."

एवढ्यात खडूच्या गुन्ह्याची दखल घ्यायला साहेब बाहेर आले आणि फोटोतला माणूस समोर बघून हरखून गेले. मला त्यांनी दोन प्रतींत माफीनामा लिहायला बसवलं आणि स्वतः सासऱ्यांचा हात धरून प्रत्येक भट्टीपुढे त्यांचे फोटो काढत सुटले. कुठून कुठून माणसं जमली. टाळ्याही झाल्या. सासूबाई बाकावर बसून होत्या, मांडीवर पर्स, पाठ ताठ. परतीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. सासरे आमच्या मागे एकटेच. दोन तासांत सासूबाई एकच वाक्य बोलल्या. "हसत होते हो फोटोत."

त्यांचा खरा राग तो होता, असं मला आता वाटतं. बाई निघाली असती तर बरं झालं असतं, इतका त्या फोटोतला माणूस आनंदात होता. आणि तो घरी कधी आलाच नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही धाकधुकीने पहिल्या मजल्यावर उतरलो. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या, सासऱ्यांच्या खुर्चीत, सासऱ्यांचा पेपर उघडून. चहा नव्हता. त्या चहाच्या कपाला पाय फुटायची वाट बघत होत्या. स्वैपाकघरातून आदळआपट ऐकू येत होती.

सासरे आत सासूबाईंचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधून उभे होते आणि ओट्यावर कागद पसरून भागाकार करत होते. घोळ असा होता की त्यांना पाव येत होता तो बाराशे माणसांचा. चार माणसांचा त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. "पीठ जमतंय," ते घामाघूम होऊन म्हणाले, "पण साठ अंडी भागिले तीनशे, एवढंसं अंडं फोडायचं कसं?" शेवटी त्यांनी भागाकार सोडून दिला आणि हाताला जी सवय होती तिच्यावर भिस्त ठेवली. मी दुकानातून तीनदा पीठ आणलं. फुगलेलं पीठ पातेल्यातून उतू जाऊन बादलीत गेलं, बादलीतून कपडे भिजवायच्या टबात. आमचा ओव्हन कमी पडला म्हणून समोरच्यांचा घेतला, मग वरच्यांचा. पोस्टमास्तर सल्ला द्यायला आले, तर सासऱ्यांनी त्यांना ट्रे धरायला लावलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तोंड मिटून काम केलं. दुपारपर्यंत जिन्यात प्रत्येक पायरीवर पाव गार होत ठेवले होते आणि अख्खी इमारत त्या वासाने दाराबाहेर येऊन उभी होती.

सासरे पिठाने कोपरापर्यंत माखले होते. मी नीट बघितलं. ते हसत होते.

पहिला पाव त्यांनी बशीत घालून सासूबाईंपुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. वादळात बॉयलरपाशी कोणी उभं राहिलं असेल तर असंच राहिलं असेल. सासूबाईंनी पाव दोन बोटांनी दाबून बघितला. तुकडा मोडला. सावकाश चावला. मी स्वैपाकघरात चोरून आधीच दोन तुकडे खाल्ले होते आणि इतका चांगला पाव मी उभ्या आयुष्यात खाल्ला नव्हता.

"मीठ कमी पडलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पेपर पुन्हा उघडला. "उद्या परत करा."

मीठ अगदी बरोबर होतं. सतरा वर्षांत त्या घरातलं खोटं मी पहिल्यांदाच, बोलल्या क्षणी, जागच्या जागी पकडलं होतं. सासरे आशेने माझ्याकडे बघत होते.

मी तिसरा तुकडा उचलला, नीट चावून खाल्ला आणि म्हणालो, "हो बाबा. किंचित कमीच आहे."